वैद्यबाईंचा आठवड्याचा खर्च

९ जानेवारी

प्रिय मावशी,

फोन करायचं सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. मागे मी "सर्दी झालीय" म्हटलं, तू "वर्दी" ऐकलंस आणि आईला कळवलंस की पोरगी पोलिसात लागली. आई अजून हसते.

तुझा सल्ला हवाय. नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाची खानावळ तू एकतीस वर्षं सांभाळलीस. माणसाला जगायला काय काय लागतं हे आपल्या घरात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

रविवारी चष्म्याचं दुकान बंद असतं. मागच्या खोलीत, जिथे मी आठवडाभर भिंगं घासते, तिथे दुपारी आम्ही चौघं एक खेळ खेळतो. कागद, पेन्सिली, फासे, बस. मी गोष्ट सांगते: जुन्या काळचं राज्य, जंगल, ड्रॅगन वगैरे. बाकीचे तिघं त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. मी म्हणायचं, "पूल तुटलाय, काय करता?" आणि त्यांनी आपापल्या माणसाच्या वतीनं ठरवायचं. जमलं की फसलं ते फासे सांगतात. प्लंबर सरदार होतो. गणिताच्या बाई चोर होतात, वर्गात आठवडाभर खरं बोलून कंटाळतात म्हणे. आणि माझी मैत्रीण, ती दवाखान्यातली नर्स गं, ती वैद्यबाई होते. मी म्हटलं, "दिवसभर तेच करतेस, इथे तरी तलवार घे." तर म्हणाली, "इथे माझे सगळे पेशंट बरे होतात ना."

आता भानगड ऐक. ड्रॅगनच्या गुहेतून या मंडळींना पोतंभर सोनं मिळालं आणि तेव्हापासून त्यांना कशाची फिकीरच उरली नाही. कुठे झोपलो, काय खाल्लं, कुणाला पत्ता नाही. जणू हवेवर जगतात. म्हणून मी नियम आणला. गोष्टीतला एक आठवडा उलटला की प्रत्येकानं राहण्याजेवणाचा खर्च द्यायचा. पाच पायऱ्या केल्या: उघड्यावर, गरिबीत, बेताचं, सुखात, थाटात. जसं देशील तसं राहशील, आणि जसं राहशील तसं लोक तुला वागवतील.

वैद्यबाईंनी आपला सगळा वाटा साथ आलेल्या एका गावाला औषधांसाठी देऊन टाकला होता. थैलीत दमडी नव्हती. मी यादी बघितली आणि वाचून टाकलं, "वैद्यबाई हा आठवडा उकिरड्याशेजारी झोपल्या. अंगाला वास येतोय. राजवाड्याचा पहारेकरी आत सोडत नाही." प्लंबर नाक धरून हसला. मीही हसले, मावशी. तिनं फासे उचलून पिशवीत टाकले, "उद्या सकाळची ड्युटी आहे," म्हणाली आणि गेली. त्यानंतरच्या रविवारी आलीच नाही.

माझे दर चुकलेत का? यादी सोबत जोडलीय. एकदा नजरेखालून घाल.

तुझी,
खार

१७ जानेवारी

खारे,

यादी पाहिली. चष्मा लावून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. आधी एक सांग, ही माणसं खरी नाहीत ना? दोन दिवस मी त्या सरदाराला घोड्यासकट भाड्याच्या खोलीत राहताना डोळ्यांपुढे आणत होते. घोडा जिना कसा चढला असेल या काळजीनं मला झोप नाही.

तुझ्या यादीत मीठ नाही. साबण नाही. दिव्याचं तेल नाही. जो माणूस दिवसभर पायी चालतो त्याच्या जोड्यांचे तळ तीन महिन्यांत जातात, ते कुठे धरलेत? सरदारापेक्षा घोड्याचं खाणं महाग पडेल, आणि घोड्याला "आज भागवून घे" म्हणता येत नाही. चोराला तू बेताचं जेवण लावलंयस. अगं, रात्री जागून काम करणारी माणसं दुप्पट जेवतात. रात्रपाळीच्या मुलींना मी स्वतः वाढलंय, मला सांगू नकोस. आणि सरपण? कच्चं पीठ खातात का तुझे लोक?

नवी यादी मागच्या बाजूला लिहून दिलीय. हिवाळ्यात सरपण दुप्पट धर.

तुझ्या मैत्रिणीचं मला वाटतं साबणावरूनच बिनसलं असणार. नर्स आहे ती. तिच्या माणसाच्या अंगाला वास येतो म्हटल्यावर झोंबणारच. तू साबणच दिला नाहीस तर तिनं काय करावं? यादीत साबण घाल, तिला कळव, राग निवळेल.

माझं बरं आहे. गुडघे जिना चढताना माझ्याशी भांडतात आणि उतरताना एकमेकांशी.

मावशी

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझी यादी जशीच्या तशी लावली आणि आमच्या खेळाचं पार किराणा दुकान झालं. दीड तासात मंडळींनी फक्त मीठ, वात आणि घोड्याचा चारा घेतला. जंगल दारात उभं, पण त्यात पाऊल टाकायला कुणाला वेळ नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, "घरी वह्यांचा गठ्ठा तपासायचा राहिलाय, तुझी बेरीज कशाला तपासू?" प्लंबर तर वैतागलाच. "आठवडाभर लोकांना सांगत फिरतो, पाइप इतक्याचा, मजुरी इतकी. रविवारी तरी मला ड्रॅगन दे की गं!"

ते जाऊ दे. साबणाचं मी तिला फोन करून सांगितलं. हसत हसत सांगितलं, मला वाटलं तीही हसेल. तिनं "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. गुरुवारी तिचं पाकीट आलं. आत वैद्यबाईंचा कागद, ज्यावर त्यांचं सगळं लिहिलेलं असतं: अंगात ताकद किती, कुठली औषधं येतात, पिशवीत काय आहे. चार वर्षं तिनं तो जपला होता. चहाचे डाग आहेत त्यावर, एका कोपऱ्यात माझ्या बाबांचं चित्र आहे. बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या खाटेशी बसून आम्ही दोघी खेळायचो, तेव्हाचं. आणि खाली पेन्सिलीनं एकच ओळ:

"वैद्यबाई त्या गावातच राहतील. त्यांचा खर्च धरू नकोस."

खरं सांगू? मला रागच आला. खेळ आहे शेवटी, एवढं काय मनाला लावून घ्यायचं! मग दोन दिवसांनी राग उतरला आणि नुसतंच वाईट वाटायला लागलं. अकरा वर्षांची मैत्री आहे. बाबांच्या शेवटच्या महिन्यात तिनं आपल्या सगळ्या सुट्ट्या आमच्याकडे घालवल्या, आणि मी एक वाक्य बोलून तिला घालवून बसले.

खर्चाचा नियमच काढून टाकू का?

तुझी,
खार

२ मार्च

खारे,

उत्तराला उशीर झाला. मधल्या दिवसांत दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. तब्येत ठीक आहे, आईला घाबरवू नकोस. तुझ्या मैत्रिणीची ती एक ओळ वाचली आणि मला हातातलं काम सुचेना.

साबणाचं मी जे लिहिलं ते विसरून जा. म्हातारीनं भलताच सल्ला दिला.

आपल्या घरात माझ्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगतात, की मावशीच्या खानावळीतून कधी कुणी उपाशी गेलं नाही. तुझी आई पाहुण्यांपुढे ती हमखास सांगते आणि मी मान खाली घालून बसते. तुम्हाला वाटतं मी लाजते. ती गोष्ट खरी आहे, पण पहिली तीन वर्षं सोडून.

पहिली तीन वर्षं जेवणघराच्या दाराशी एक फळा होता. दहा तारखेपर्यंत जिचे पैसे आले नाहीत तिचं नाव त्यावर लिहायचं आणि ताट बंद. नावं मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं, आणि मला त्या अक्षराचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, डावखुरी, दोन घट्ट वेण्या घालायची. सलग दोन महिने तिचं नाव फळ्यावर होतं. मग ती जेवणघराकडे फिरकेनाशी झाली. मला वाटलं, बाहेर कुठे सोय झाली असेल. नंतर कळलं की पेशंटनी परत पाठवलेल्या ताटांतलं उरलेलं ती खात होती. तिला ऑफिसात बोलावलं. त्याच आठवड्यात ती शिक्षण सोडून गेली.

जाताना ट्रंक घेऊन माझ्या खिडकीशी आली. वसतिगृहानं दिलेलं ताट आणि पेला घासून पुसून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "मोजून घ्या." आणि खारे, मी मोजून घेतलं.

फळा मी दुसऱ्या दिवशी उतरवला. वॉर्डनबाईंना सांगितलं, हवं तर मला काढा. त्यांनी काढलं नाही. पुढे आम्ही असं केलं की सकाळी कुणीही यावं, माझ्याबरोबर भाजी निवडावी आणि स्वयंपाकघरातच आमच्यात जेवावं. पैसे असलेल्याही यायच्या, गप्पा मारायला. कोण कशासाठी आलंय हे कुणाला कळायचं नाही. तीच गोष्ट तुम्ही सांगता. पण त्या मुलीला तिचा काय उपयोग? ती कुठे गेली हे मला कधीच कळलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या काकांनाही नाही.

आता तुझ्या खेळाचं. तुझे दर चुकले नव्हते, माझेही चुकले नव्हते. फळा चुकला होता. कुणापाशी काय नाही हे चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवायचं नसतं.

आणि आणखी एक. तुझ्या यादीला फक्त थैलीतलं कळतं. ज्या बाईनं आख्ख्या गावाला साथीतून वाचवलं तिला ते गाव उकिरड्याशेजारी झोपू देईल होय? चाळीस घरं असतील तर चाळीस दारं उघडतील. उकिरडा तुला आठवला आणि गाव विसरलीस. नियम काढू नकोस. फुकट जेवायला कुणालाच बरं वाटत नाही, तिला तर मुळीच वाटणार नाही. खर्च राहू दे, फक्त थैलीबरोबर माणसंही मोज.

आणि तिच्याकडे जा. फोन नको, पत्र नको. दाराशी जाऊन उभी राहा. साबणाचा विषय काढू नकोस.

मावशी

२३ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी दुकानातच वाचलं आणि मालकांना डोळ्यात काचेची पूड गेली असं सांगितलं. तुला काय लिहावं ते कळत नाही. मी होते तशीच तुझी आहे, एवढंच लिहिते.

गेले मी तिच्याकडे. दार उघडलं, मला पाहिलं, आणि काही न बोलता बाजूला झाली. खुर्चीच्या पाठीवर युनिफॉर्म वाळत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मी हसायला नको होतं." ती म्हणाली, "बस आधी."

मग तिनं सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना घर सुटलं आणि दोन महिने ती आणि तिची आई बसस्टँडच्या प्रतीक्षागृहात झोपायच्या. आई तिला पहाटे तिथल्या नळावर घासून घासून आंघोळ घालायची, शाळेत कुणाला वास येऊ नये म्हणून. "रोज वर्गात शिरताना मी आधी स्वतःचीच बाही हुंगायचे," म्हणाली. "आणि तू तेच वाचून दाखवलंस."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. म्हणून तर तुझ्यावर ओरडले नाही. नुसती निघून आले."

मग मी तुझं ते गावाचं म्हणणं तिला सांगितलं. फळ्याचं नाही सांगितलं, ते तुझं आहे. ती ऐकत राहिली. "चाळीस दारं?" म्हणाली. मग थोडी थांबून, "एकोणचाळीस. तिथला गिरणीवाला नाही उघडणार, त्याच्या मुलाला मी कडू काढा पाजलाय." आणि मावशी, ती हसली.

परवाच्या रविवारी आली. पण कागद परत घेण्याआधी तिनं अट घातली. वैद्यबाईंना खर्च माफ नको. सगळ्यांना सारखा नियम. आता आम्ही असं करतो: आठवड्याची एक ठोक रक्कम ज्याची त्यानं आपल्या कागदावर गुपचूप कमी करायची, मीठ-मिरचीचा हिशोब नाही. मोठ्यानं फक्त तीन गोष्टी सांगायच्या. कुठे झोपलो, काय जेवलो, कुणी वाढलं. थैली रिकामी असेल तर ओळखीचं घर सांगायचं आणि त्या घराचं एखादं काम करायचं.

पहिल्याच फेरीत सरदाराची पंचाईत झाली. "सगळ्यात महागड्या सराईत झोपलो, हरीण खाल्लं," प्लंबर ऐटीत म्हणाला.

"कुणी वाढलं?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"वाढलं म्हणजे... होता एक नोकर."

"नाव काय त्याचं?"

प्लंबरनं आपला कागद उलटसुलट करून पाहिला. तीनशे मोहरा खिशात आणि आख्ख्या शहरात ओळखीचं माणूस नाही! पुढे बर्फ पडायला लागलं, मी सराई भरलेली दाखवली, आणि सरदार घोड्यासकट रस्त्यावर आले. तेव्हा वैद्यबाईंनी त्यांना त्या गावात नेलं, एका कुंभाराच्या घरी. मी कुंभारीण झाले आणि दारातून विचारलं, "हे कोण?" नर्स म्हणाली, "माझ्याबरोबर आहेत." "मग या की आत," मी म्हटलं. प्लंबरनं सरदाराकडून घरातली सगळी लाकडं फोडून घेतली.

खेळ संपल्यावर तो तिच्यापाशी घुटमळत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या मोरीचा नळ गळतो म्हणत होतात ना, उद्या येऊन बघतो." ती बरं म्हणाली. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. "आणि वासाचं म्हणाल तर, रोज गटारात हात घालणारा मीच आहे, बाई. मी कुठल्या तोंडानं हसलो, देव जाणे."

तिला एप्रिलमध्ये तुझ्या गावी पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे. तुझा पत्ता मागून घेतलाय. म्हणाली, "चाळीस दारांच्या मावशीला बघायचंय."

तुझी,
खार

१६ एप्रिल

खारे,

काल तुझी नर्स आली. तीन मजले चढून आली आणि तिला साधी धाप लागली नाही. मला "काकू" नाही, "बाई" नाही, थेट "मावशी" म्हणाली. खुर्चीवर बसायच्या आधी माझा गुडघा दाबून पाहिला, गोळ्या कुठल्या घेतेस विचारलं, आणि दोन महिन्यांपूर्वी संपल्या असं कळल्यावर मला असं झापलं की मी शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिले. पहिल्या भेटीत अहोजाहो सुद्धा विसरली. मला बरं वाटलं.

चहा झाला. ती तुझ्याबद्दल सांगत होती, सरदाराच्या घोड्याबद्दल सांगत होती. मी ऐकत होते, पण माझं लक्ष नव्हतं. शेवटी मी तिला ते सगळं सांगितलं. फळ्याचं, वेण्यांच्या मुलीचं, मोजून घेतलेल्या ताटाचं. का सांगितलं ते मला नीट सांगता येणार नाही. ती मुलगी मला या जन्मी सापडणार नाही, आणि ही समोर बसली होती. तिची समजूत काढायला नाही सांगितलं. तिनं मला चांगली म्हणून ओळखावं, हे मला सोसेना.

तिनं कप खाली ठेवला. खाली रस्त्यावर कुणी तरी मोटार चालू करत होतं आणि ती होत नव्हती, तेवढाच आवाज.

मग म्हणाली, "त्या मुलीच्या वतीनं मी काही बोलू शकत नाही, मावशी."

"नको बोलूस," मी म्हटलं. "मी त्यासाठी नाही सांगितलं."

"तिला राग असेल तर तो तिचा आहे. मी तो कमी नाही करू शकत."

"बरोबर आहे."

मला वाटलं, आता पिशवी उचलेल आणि जाईल, आणि ते योग्यच होईल. ती उठलीही. पण दाराकडे न जाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

"मला भूक लागलीय," म्हणाली. "काय आहे?"

काय असणार, खारे! एकटीसाठी मी हल्ली धड काही करत नाही. तीन अंडी होती, चार बटाटे, कालचा पाव. एकतीस वर्षं दोनशे मुलींचं रांधणारी मी, आणि घरात आलेल्या पोरीपुढे ठेवायला एवढंच. मला शरमल्यासारखं झालं. तिला म्हटलं, "थांब, खाली जाऊन काही तरी आणते." तर म्हणते, "या गुडघ्यांवर? बस गप्प, मी कांदा चिरते."

मी बटाटे परतले, अंडी फोडली, पाव भाजला. समोरासमोर बसून जेवलो. भुकेल्या माणसासारखी जेवली ती, मान खाली घालून, भराभर. आणि अर्ध्यात मान वर करून म्हणाली, "बटाटे आणखी आहेत का?" नव्हते. मी माझ्यातले तिला वाढले आणि तिनं घेतले. नको म्हणाली नाही.

जाताना म्हणाली की प्रशिक्षणाच्या ठिकाणचं जेवण खाण्याच्या लायकीचं नाही आणि अजून चार दिवस ती इथे आहे. रोज दुपारी एकला येऊ का, असं विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच.

आता पत्र आवरतं घेते. आठ वाजलेत. उन्हाच्या आत बाजारात जाऊन यायचंय, चार दिवसांचं सामान आणायचंय, आणि जिना उतरायला मला वेळ लागतो.

मावशी